टाचणी पडायच्या आधी

डेट्रॉइटजवळच्या नोव्हायमधल्या त्या वसाहतीत शिरताना डाव्या हाताला एक दगडी भिंत लागते. मी गाडी कडेला घेतली, खाली उतरले आणि किल्लीनं त्या भिंतीवर ओरखडा काढला. आत राखाडी काँक्रीट निघालं. साच्यातून काढलेले दगड. जरा निरखून पाहिलं तर थोड्या थोड्या अंतरावर तोच दगड, तीच भेग, तोच खोटा शेवाळाचा डाग पुन्हा येतो. रस्त्यांची नावं मिल लेन, चर्च लेन, ब्रुक एंड. गिरणी कुठंच नाही, चर्च नाही, आणि ओढा म्हणजे पावसाचं पाणी साठवायला खणलेला खड्डा, ज्याच्या काठावर बदकं घाण करून ठेवतात. बंद पडलेल्या कारखान्यांतली जुनी यंत्रं विकत घेऊन विकायची, हा माझा डेट्रॉइटकडचा धंदा. रंग मारलेला गंज ओळखता आला नाही तर या धंद्यात माणूस बुडतो. ही अख्खी वसाहत मला रंग मारलेल्या गंजासारखी दिसली.

आणि या खोट्या खेड्यात, मिल लेनच्या टोकाला, एका खऱ्या इंग्रज खेड्यातली एक खरी बाई राहायला आली होती.

मिसेस टॅपली. माझ्या शाळेच्या बाई. त्यांचं नाताळचं कार्ड आईला दर वर्षी यायचं, आई गेल्यावर ते माझ्या नावानं यायला लागलं. मी कधी उत्तर दिलं नाही. या वर्षीच्या पाकिटावर अमेरिकेचा झेंडा होता. त्यांचा मुलगा कॉलिन इथं गाड्यांच्या कंपनीत आहे, त्यानं म्हाताऱ्या आईला आपल्याकडे आणलं होतं. माझ्या घरापासून दोन सिग्नल पलीकडे.

“आई, शी इज नाइन्टी, यार,” माझी मुलगी रेवा म्हणाली. “काय बोलणारेस तू तिला?”

“एक वाक्य मागणार आहे.”

“आणि नाही दिलं तर?”

“मी आजवर रिकाम्या हातानं उठलेली नाही.”

“हे काय मशीन विकत घेणं आहे का? लेट इट गो ना. आजोबासुद्धा आता नाहीत.”

“म्हणूनच,” मी म्हणाले. “तुला सौद्यातलं काय कळतं? तू किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलंय तेवढं देऊन घरी येतेस.”

ती डोळे फिरवून आत गेली. तिला आप्पांचे, माझ्या वडिलांचे, शेवटचे महिने आठवत नाहीत. मला आठवतात. इस्पितळाच्या खाटेवर, ऑक्सिजनच्या नळीमागून ते मला म्हणाले होते, “मीच उशिरा बोललो असेन गं कदाचित.” आयुष्यभर जो माणूस छातीवर हात ठेवून सांगत आला की मी टाचणी पडायच्या आधी बोललो, त्याला मरताना आपल्याच कानांचा भरवसा उरला नव्हता. मला ते वाक्य हवं होतं. टाचणीच्या सगळ्यात जवळ बसलेल्या बाईच्या तोंडून हवं होतं: तुझे वडील आधी बोलले.

आम्ही राहायचो त्या इंग्रज गावाचं नाव मी इथं लिहिणार नाही. फुकट जाहिरात मी कुणाचीच करत नाही. पण ते गाव मला असं पाठ आहे की डोळे मिटून कुठल्याही दारात जाऊन उभी राहीन, आणि बहुतेक दारं माझ्या तोंडावर बंद होतील.

गावाचा भूगोल मिसेस टॅपलींनीच शिकवला होता. वर्गात एक दिवस त्यांनी बशीवर स्पंज ठेवला आणि वरून वाटीभर पाणी सोडलं. “हा आपला डोंगर, चुनखडीचा. ही बशी म्हणजे खालची चिकणमाती. बघा आता पाणी कुठून बाहेर येतंय.” स्पंज आणि बशी जिथं भेटतात त्या रेषेतून पाणी झिरपलं. त्या रेषेवरच गाव होतं. एकच रस्ता, डोंगराच्या कमरेला बांधल्यासारखा, आणि प्रत्येक घराच्या परसात झरा. वरच्या अंगाला मेंढ्यांचं आखूड, करकरीत गवत, खालच्या अंगाला बूट गिळणारी माती. रात्री अंथरुणात पडलं की भिंतीपलीकडून झऱ्याचा आवाज यायचा. आई म्हणायची, नळ चालू राहिलाय कुणाचा तरी. पहिली कितीतरी वर्षं ती अंथरुणातून उठून स्वयंपाकघरात बघून यायची.

इतिहासही त्यांनीच शिकवला. इतिहास म्हणजे मेंढ्या. लोकरीच्या पैशातून चर्चचा मनोरा उभा राहिला, गावाच्या मानानं फार उंच. मग लोकरीचा भाव पडला आणि गाव त्या मनोऱ्याच्या सावलीत आकसून बसलं. मग रेल्वे आली, ती शहराकडे दुधाच्या किटल्या न्यायची. मग तीही गेली. आम्ही राहायला गेलो तेव्हा फलाटावर काटेरी झुडपं माजली होती आणि तिकिटाच्या खिडकीतून ब्लॅकबेरीची फांदी बाहेर आली होती. आम्ही पोरं तिथं जाऊन बोटं जांभळी करून यायचो. चौकात लढाईत मेलेल्यांचा दगड होता. त्यावर तीच चार आडनावं पुन्हा पुन्हा कोरलेली. गॅरेट सगळ्यात जास्त वेळा. त्या दगडाखाली उभं राहिलं की कळायचं, या गावात माणूस होण्यासाठी आधी इथं मरावं लागतं.

आप्पा सांगलीकडचे, कृष्णाकाठचे. जवळच्या शहरातल्या चीजच्या कारखान्यात दूध तपासायचं काम त्यांना मिळालं होतं आणि भाड्याचं घर या गावात. आमचं आडनाव गावाला झेपत नसे, म्हणून ते आप्पांना ‘मिस्टर पी’ म्हणायचे. आप्पा त्यांच्या सगळ्या रीती मन लावून शिकले. कुणाच्या फाटकाशी कुठं थांबायचं, हवेबद्दल किती बोलायचं, टोपी कधी काढायची. काही अडलं की मिसेस टॅपलींकडे बघायचे. त्या जे करतील ते आप्पा करायचे. चर्चमधल्या सुगीच्या जेवणात त्यांनी सूप कुठल्या बाजूनं ढवळलं, तेही आप्पांनी पाहून ठेवलं होतं.

मे महिन्यात कुंपणं पांढरी व्हायची. कुंपणाला लावलेल्या हॉथॉर्नच्या फुलांना लांबून गोड वास येतो, जवळ गेलं की काहीतरी कुजल्यासारखा. मला ते झाड म्हणजे ते गावच वाटायचं. चर्चच्या आवारात थडग्यांमधून रानलसूण उगवायची, हिरवीगार, ओल्या पानांची. आईनं ती खुडून आणली आणि मेथीसारखी परतली, भाकरीबरोबर. काय चव होती! अख्ख्या रस्त्यावर वास गेला. दुसऱ्या दिवशी दुकानात मिसेस गॅरेट सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आमच्या आज्यांच्या अंगावरचं गवतसुद्धा खातात हे लोक.” आईला इंग्रजी जेमतेम येत होतं. ती हसून म्हणाली, “व्हेरी टेस्टी.”

वर्गात आम्ही गावाचा नकाशा काढला. माझा सगळ्यात चांगला आला, कारण मी दर झरा मोजूनमापून काढला होता. आमच्या घरावर मी लिहिलं, माझं घर. मिसेस टॅपलींनी ते हळुवारपणे खोडायला लावलं. “तुम्ही सध्या राहता ते घर, असं लिही. नकाशा खरा असावा.” बाकी कुणाला त्यांनी ‘सध्या’ लिहायला लावलं नाही.

ओढ्याकाठी एक कुरण होतं, त्याला गरिबांचं कुरण म्हणायचे. कोणे एके काळी एका विधवेनं ते गावातल्या गरिबांसाठी ठेवलं. दर वर्षी ते भाड्यानं द्यायचं आणि त्या भाड्यातून हिवाळ्यात गरिबांच्या घरी कोळसा टाकायचा. पुरानं दर हिवाळ्यात त्यावर गाळ येऊन बसायचा, त्यामुळे गवत असं की गुडघ्यापर्यंत, आणि मधूनमधून पिवळी फुलं. आप्पा कामावरून येताना सायकल टेकवून त्या कुरणाकडे बघत राहायचे. ते बघणं मी ओळखायची. आमच्या गावाकडे बैलबाजारात असंच बघतात, हात न लावता.

कुरण द्यायची पद्धत जुनी होती. वसंतात एका संध्याकाळी शाळेच्या खोलीत गाव जमायचं. मेणबत्ती लावायची, ज्योतीच्या थोडं खाली मेणात टाचणी खोचायची. मेण वितळत वितळत टाचणीपर्यंत आलं की ती खाली पत्र्याच्या ताटलीत पडते. पडायच्या आधी ज्याची बोली शेवटची, कुरण त्याचं.

आप्पा खूश झाले होते. हे त्यांना समजत होतं. आमच्याकडे रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, एक शब्द बोलावा लागत नाही आणि एकदा ठरलं की बाप आला तरी फिरत नाही. त्यांनी आधीच दोन कालवडी घेऊन ठेवल्या, लालभडक, कारखान्यामागच्या एका शेडमध्ये. तांबू आणि कपिली. मी त्यांना मराठीत हाका मारायची आणि त्या यायच्या. त्या मुलखात माझ्या हाकेला ओ देणाऱ्या तेवढ्या दोघीच.

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं की कुरण गॅरेटचं असतं. वर्षानुवर्षं गॅरेटचंच. बाकीचे एखाददुसरी बोली बोलतात, हसतात, थांबतात, आणि टाचणी पडायच्या जरा आधी गॅरेट शेवटचं बोलतो. देवाला नैवेद्य दाखवून आपणच जेवायचं, तशातला तो प्रकार. लिलाव आहे म्हणजे लिलाव असणार, असं समजून त्या खोलीत गेलेला अख्ख्या गावात एकच माणूस होता, आणि तो माझा बाप होता.

त्या खोलीचा वास मला अजून येतो. रॉकेलचा स्टोव्ह, ओल्या लोकरीचे कोट, खडूची धूळ, मेण. मेणबत्तीपाशी मिसेस टॅपली बसल्या होत्या, टाचणी त्यांनीच खोचली होती. बोल्या झाल्या, लोक हसले, थांबले. गॅरेट बोलला. आप्पा बोलले. खोली अशी गप्प झाली की ज्योत ऐकू यावी. गॅरेट पुन्हा बोलला, मान न वळवता. आप्पा पुन्हा बोलले, त्यांच्या उभ्या, स्वच्छ इंग्रजीत. आणि टाचणी पडली. टिक्. आणि मग गॅरेट बोलला.

मी मागच्या बाकावर होते. दहा-अकरा वर्षांची. मला ऐकू आलं: आप्पा, टिक्, गॅरेट.

बोल्या घेणारा चर्चचा कारभारी म्हणाला, “गॅरेट.”

आप्पा म्हणाले, “माफ करा. मी आधी बोललो होतो.”

“टाचणीनंतर, मला वाटतं, मिस्टर पी.”

मला वाटतं! आयुष्यात पुढं मी किती लिलाव पाहिले. डेट्रॉइटमध्ये कारखाने बंद पडत होते तेव्हा थंडगार शेडमध्ये उभी राहून मी लेथ, प्रेस, ड्रिल घेतले. माझ्याकडे बघून पुरुष हसायचे, “लेडी, धिस इज नॉट अ गराज सेल.” मी त्यांना घाम फोडला. लिलाव करणाऱ्याचा हातोडा खाली यायच्या आधी मी ओरडते, आणि दोनदा ओरडते. लोक मला उद्धट म्हणतात. म्हणोत. ‘मला वाटतं’ असं म्हणायची संधी मी पुन्हा कुणाला दिली नाही.

चारा नसलेल्या गाई ठेवायच्या कुठं? तांबू आणि कपिली गॅरेटनंच घेतल्या. त्याच कुरणात चरायला सोडल्या. शाळेची वाट कुंपणालगत होती. मी हाक मारली की दोघी मान वर करून कुंपणाकडे चालत यायच्या. मग गॅरेटनं आप्पांना सांगितलं, तुमच्या मुलीला म्हणावं, आमची जनावरं बिचकवू नकोस. त्यानंतर मी तोंड बंद ठेवून त्या वाटेनं जायची. त्या तरीही यायच्या.

मिल लेनच्या त्या घराचं दार कॉलिननं उघडलं. उंच, दमलेला, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. “आई एखाद्या दिवशी मिशिगनमध्ये असते, एखाद्या दिवशी गावात,” तो म्हणाला. “आज गावात आहे. तुम्ही तिकडच्या ना? बरं होईल. मला तिथलं फारसं आठवत नाही, खरं सांगायचं तर आवडतही नाही.” एवढं बोलून तो लॅपटॉपसमोर जाऊन बसला.

मिसेस टॅपली खिडकीपाशी खुर्चीत होत्या. इतक्या लहान झाल्या होत्या की माझा राग मावायला जागा पुरेना. पण मी त्यासाठी थांबले नाही.

“मिसेस टॅपली, मी मिस्टर पींची मुलगी.”

“नकाशेवाली,” त्या लगेच म्हणाल्या. मग माझा हात पकडला. “पोरी, मला रस्ता सापडत नाही. मनोऱ्यापासून निघते आणि मध्येच धुकं येतं. कॉलिनला विचारलं तर तो फोनवर फोटो दाखवतो. मला घेऊन चल ना खाली, ओढ्यापर्यंत.”

समोरच्याला काय हवंय ते कळलं की सौदा निम्मा झाला. मी खुर्ची पुढं ओढली.

“नेते. पण कुरणाच्या फाटकाशी थांबायचं. तिथं तुम्ही मला एक गोष्ट सांगायची.”

“कुठली?”

“तिथं पोचल्यावर.”

“तू नेहमीच अशी होतीस,” त्या म्हणाल्या. “हट्टी. चल.”

बसल्या जागी, बोलत बोलत मी त्यांना मनोऱ्यापासून नेलं. थडग्यांमधून, रानलसणीतून. “वास येतोय,” त्या म्हणाल्या. “तुझी आई ती शिजवायची. मीही नंतर शिजवली. कुणाला सांगितलं नाही.” मी म्हणाले, “सांगायला हवं होतं.” पुढं चौकातला दगड, पंपाचं हँडल, बेकरीची बंद खिडकी.

“आता डावीकडे तुझं घर.”

“सध्या राहतो ते घर,” मी म्हणाले. “तुम्हीच लिहायला लावलंत.”

“मी? असं कशाला लिहायला लावीन?”

“नकाशा खरा असावा म्हणून.”

“फार लागट बोलतेस तू.”

“तुमच्याच शाळेत शिकले.”

त्या खुदकन हसल्या. म्हाताऱ्या माणसांचं हे मला आवडत नाही, आपण भांडायला जावं आणि त्यांना करमणूक व्हावी. मी आवाज कोरडा ठेवला आणि त्यांना पुढं नेलं. फलाट, ब्लॅकबेरी, पाय रुतवणारी माती, दोन फळ्यांचा पूल. प्रत्येक वळणावर त्यांचा चेहरा उजळत होता, जणू मी एकेका खोलीतला दिवा लावत चालले होते, आणि मला भीती वाटायला लागली की कुरण येईपर्यंत मी हे सगळं उधळून बसेन आणि हातात काहीच उरणार नाही. फाटकाशी मी थांबले.

“पोचलो. आता सांगा.”

पण त्या फाटकापलीकडे बघत होत्या. “किती वाढलंय गवत! आणि त्या बघ, तुझ्या वडिलांच्या गाई. लाल. पाण्यात उभ्या आहेत दोघी.”

मला इथं गप्प बसता आलं असतं. रेवा बसली असती. मिळतंय ते घे, घरी चल. पण खोटा माल मी कधी घेतला नाही, फुकट मिळाला तरी.

“त्या गॅरेटच्या गाई आहेत,” मी म्हणाले. “तोवर त्याच्या झाल्या होत्या. आणि कुरणही त्याचंच.”

“गॅरेटचं?” त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. “यंदा कसं गॅरेटचं? त्याची बोली तर टाचणी पडल्यावर आली. मी तिथंच होते. तुझे वडील आधी बोलले.”

आलं. जसं हवं होतं तसं, मी न मागता, रस्त्यावरचा दगड उचलून द्यावा तसं त्यांनी ते माझ्या हातात ठेवलं. मी तयार केलेल्या सगळ्या धमक्या, सगळे टोमणे तसेच राहिले. इतकं सोपं होतं तर इतकी वर्षं! मला ते वाक्य त्या इस्पितळाच्या खाटेपाशी न्यायचं होतं आणि ती खाट आता नव्हती.

“मग?” त्यांनी विचारलं. त्या खरोखरच रागावल्या होत्या, वर्गात एखाद्यानं दुसऱ्याची पेन्सिल चोरली की रागवायच्या तशा. “मग कुणी काही बोललं नाही? खोलीभर माणसं होती.”

“होती.”

“आणि मी? मी मेणबत्तीपाशी होते. मी काय केलं?”

“तुम्ही टाळ्या वाजवल्यात,” मी म्हणाले. “सगळ्यांनी वाजवल्या. गॅरेटसाठी.”

पलीकडून कॉलिनच्या कीबोर्डचा आवाज येत होता. मिसेस टॅपलींचे हात मांडीवर होते, निळ्या शिरांचे, हलके.

“आणि तुझे वडील?” त्यांनी विचारलं. “त्यांनी काय केलं?”

“त्यांनी तुमच्याकडे बघितलं,” मी म्हणाले, “आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तशी रीत आहे.”